गुरुवारी पाहिलेलं घर

“घर बघायला जाशील ना धने, तर पानी यायच्या येळेला जा. भिंतीला काय, रंग कुनीबी देतं. पान्यावर मानसं कशी वागत्यात ते बघ, मंग व्हय म्हन.”

आई हे मागच्या दिवाळीत म्हणाली होती, अंगणात भात पाखडता पाखडता. ती अकोल्याच्या डोंगरातली. सावेडी कुठं आणि केडगाव कुठं, तिला काही माहीत नाही. नगरला ती दोनदाच आली, दोन्ही वेळा दवाखान्यात. पण आम्ही स्वतःचं पहिलं घर शोधायला लागलो आणि तिचं हेच वाक्य माझ्या कानात राहिलं.

तीन वर्षं आम्ही सावेडीत भाड्यानं राहत होतो, तिसऱ्या मजल्यावर. शाळा जवळ, दुकानं जवळ, नावं ठेवावीत असं काही नाही. पण मागच्या श्रावणात शरयूला ताप चढला, तेव्हा हे दुसऱ्या पाळीला गेलेले. मी समोरची दोन दारं वाजवली. आतून टीव्हीचा आवाज येत होता, दार काही उघडलं नाही. त्यांचा दोष नाही, ऐकूच गेलं नसेल. माझी हाक मुळातच लांब जात नाही. त्या दिवशी लेकीला खांद्यावर टाकून जिना उतरताना मी दत्तमहाराजांना म्हटलं, घर मोठं नको, पण मी हाक मारली तर कुणीतरी ओ देईल अशा ठिकाणी द्या.

दोन जागांवर गाडी अडली होती. केडगावला नवा फ्लॅट, लिफ्टसकट. आणि निंबळकला एका लहान गल्लीत रो-हाऊस, दोन खोल्या आणि पुढं तुळशीपुरतं अंगण. यांचा ओढा केडगावकडं. “लिफ्ट आहे,” एवढंच म्हणायचे, जणू आम्ही रोज वर-खालीच करत बसणार होतो. निंबळकच्या घराचे मालक सहादेवकाका. त्यांचा बुधवारी यांना फोन आला, “गोरक्षभाऊ, उद्या अकराला दुसरं गिऱ्हाईक येतंय. काय ते त्याच्या आधी सांगा.”

मी विचारायला लावलं, पाणी कधी येतं?

“उद्याच. गुरुवारी सकाळी साडेसहाला.”

हे माझ्याकडं बघून हसले. “झालं. तुझा गुरुवार!”

माझ्या गुरुवारचं असं आहे. शरयू तीन वर्षांची होईपर्यंत एक शब्द बोलली नव्हती. तेव्हा मी बोलले होते, देवा, हिला वाचा फुटू दे, दर गुरुवारी बारा वाजता नैवेद्य दाखवेपर्यंत मी माझी वाचा तुम्हाला देईन. आता ती पाच वर्षांची आहे आणि झोपेतसुद्धा बोलते. माझा गुरुवार सुरू आहे. त्यात सूट घ्यावी असं मला कधी वाटलं नाही.

तर त्या गुरुवारी सव्वासहाला आम्ही निंबळकला पोचलो. गल्लीत आठ घरं, आपलं बघायचं ते सगळ्यात शेवटचं. सहादेवकाका स्लॅब दाखवायला यांना गच्चीवर घेऊन गेले. माझा मोबाईल यांच्याच खिशात राहिला. मी आणि शरयू अंगणातल्या नळापाशी उभ्या राहिलो.

शेजारच्या दारातून एक सत्तरीच्या बाई हंडा घेऊन आल्या. नाकात नथ, पदर घट्ट खोचलेला. त्यांच्या मागं पहिल्या घरातली एक जाडजूड, हसऱ्या तोंडाची बाई.

“घर बघायला का गं?” म्हातारीनं विचारलं.

मी हात जोडले, मान हलवली.

“कुठनं आलीस?”

मी सावेडीच्या दिशेला हात केला.

“नाव काय तुझं?”

आता नाव हातानं कसं सांगायचं? मी ओठांवर बोट ठेवलं, वर आभाळाकडं दाखवलं, पुन्हा हात जोडले. मला म्हणायचं होतं, देवाचं मौन आहे. म्हातारीचा चेहरा एकदम पडला.

“मालन,” ती दुसरीला म्हणाली, “मुकी हाय गं बिचारी. देवाची मर्जी म्हनती.”

“माझी आई मुकी नाहीये,” शरयू ठसक्यात म्हणाली. “ती बारा वाजता बोलते.”

“व्हय गं माझे बाय. बोलती हां, बारा वाजता बोलती.” म्हातारीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पदरानं डोळा टिपला.

“लेकराची आस बघा छबूबाई,” मालनबाई हळहळल्या.

मी नाही नाही म्हणून मान जोरात हलवली. त्यानं आणखीच घोटाळा झाला, कारण छबूबाईंनी माझा हात धरून म्हटलं, “रडू नको.”

पाणी आलं. धार करंगळीएवढी. आमच्या, म्हणजे त्या शेवटच्या घराच्या नळाला तर नुसती सुंसुं हवा. पुढून मोटरीचा आवाज येत होता.

“मालन, बटन बंद कर तुझं!” छबूबाई कडाडल्या.

“आत्ताच लावलीय हो.”

“शेवटच्या घराला धार लागू दे आधी. ठरलंय ना आपलं उन्हाळ्यापास्नं? मागनं पुढं.”

“त्या घरात राहतंय कोण? उंदरं पिणार व्हय पाणी?”

“टाकी कोरडी दिसली तर ही बाई येईल का राहायला?”

“येऊ द्या की. मुकीच बरी. आधीची काय कावकाव करायची! ही पाण्यावरनं भांडायची तरी न्हाई.”

“जीभ आवर. तिला ऐकू येत असंल तर?”

“मुकी म्हंजे बहिरीबी असंलच की,” मालनबाई म्हणाल्या आणि पुटपुटत पुढं गेल्या. मोटर बंद झाली. थोड्या वेळानं आमच्या नळानं दोनदा खाकरून धार धरली. मालनबाईंचं पुटपुटणं लांबून ऐकू येत होतं, पण सिमेंटची टाकी अर्धी भरेपर्यंत त्यांनी बटण पुन्हा लावलं नाही. हसू दाबायला मी पदर तोंडाशी धरला होता. तरी डोळ्यांत पाणी आलं, आणि ते हसण्याचं नव्हतं. तोंडानं काहीही बोलोत, पण रिकाम्या घरासाठी थांबणारी माणसं मी सावेडीत शोधूनही पाहिली नव्हती. शोधायला दार तरी उघडायला हवं होतं.

छबूबाईंनी मला ओढतच घरात नेलं. माझ्याशी त्या मोठ्यानं आणि सावकाश बोलायच्या, जणू मी नदीच्या पलीकडं उभी आहे. “च—हा—?” मी उपवासाची, काहीच घेत नाही अशी खूण केली. ती मात्र त्यांना बरोबर कळली. शरयूला त्यांनी दूध दिलं, वर साईचा तुकडा.

देवघर लहानसं, स्वच्छ. दत्ताची तसबीर, पुढं समई. आणि एका कोनाड्यात केशरी फडक्यात बांधलेली पोथी. मी तिच्याकडं बघतेय हे पाहून त्यांनी फडकं सोडलं. जुनी पानं, कडा हळदीनं पिवळ्या झालेल्या.

“आमच्या मालकांची,” त्या म्हणाल्या. माझ्याशी नव्हे, स्वतःशीच. “ते वाचायचे, म्या ऐकायची. मागनं सून वाचायची. ती गेली चाकणला, पोराच्या नोकरीपायी. मला अक्षर न्हाई. या गल्लीतल्या बायांना टाईम न्हाई. दोन वर्सं झाली, नुसती हळदकुंकू वाहते अन् परत बांधते.” मग माझ्याकडं बघून हसल्या. “तुला सांगून काय उपेग? तुझ्याच नशिबी वाचा न्हाई.”

रोज संध्याकाळी मी दत्ताच्या पोथीतला एक अध्याय वाचतेच, मोठ्यानं, एकटीला ऐकू येईल इतपत. मी एक हात पोथीवर ठेवला, दुसरा त्यांच्या हातावर. मग पोथीकडं, माझ्या तोंडाकडं आणि त्यांच्या कानाकडं बोट केलं, वाचून दाखवीन म्हणून मान हलवली. देवासमोर केलेली खूण म्हणजे शब्दच.

“व्हय, व्हय,” छबूबाई माझा हात थोपटत म्हणाल्या. “मनातल्या मनात वाच. त्यो ऐकतो.”

बाहेरून यांची हाक आली. स्लॅब चांगला आहे, मागच्या भिंतीला ओल आहे, कंपनी दहा मिनिटांवर. “पण लिफ्ट नाही,” हे म्हणाले. “मग? केडगाव का इथं? का बारापर्यंत थांबू?”

मी यांच्या खिशातला मोबाईल काढून लिहिलं : इथंच.

“ओल आहे बरं का.”

मी पुन्हा तेच लिहिलं. हे सहादेवकाकांकडं वळून म्हणाले, “काका, त्या अकराच्या गिऱ्हाईकाला येऊ नका म्हणावं.”

बारा वाजता घरी नैवेद्य दाखवला आणि यांना सगळं सांगितलं. हसता हसता यांना ठसका लागला.

“आता जाऊन काय सांगणार? गुण आला म्हणून?”

“खरं तेच सांगणार.”

“अगं, राहायला गेल्यावर कळेलच की हळूहळू.”

“तोवर त्या माझ्यासमोर बोलत राहतील, मी ऐकत राहीन. तसं घरात शिरायचं नाही मला. आणि मी पोथीवर हात ठेवून आलेय.”

“त्यांना वाटलं, बिचारी मनातल्या मनात वाचणार.”

“त्यांना काय वाटलं त्याला मी काय करू? मी काय कबूल केलं ते मला माहीत आहे ना.”

हे डब्याचं झाकण लावता लावता म्हणाले, “रागावल्या तर? जन्म काढायचाय तिथं.”

हीच धास्ती मलाही होती. फसवलं म्हणतील. मालनबाई तर चार घरांत सांगतील. ज्या दारानं ओ द्यावी म्हणून एवढं शोधलं, ते पहिल्याच दिवशी तोंडावर लागायचं.

“रागावू देत,” मी म्हटलं. “पोथी ऐकून मग रागावतील.”

अडीचला हे पाळीला गेले. मी हातपाय धुतले, धुतलेली साडी नेसले, पिशवीत उदबत्तीचा पुडा आणि दोन केळी ठेवली. शरयूनं विचारलं, “आई, आता तू तिथं बोलणार?” मी म्हटलं, “हो.”

चौकात निंबळककडं जाणारी रिक्षा भरत आली होती. आम्ही मागच्या सीटवर सरकून बसलो. पिशवी मांडीवर घेतली आणि रिक्षा वळणाला लागेपर्यंत मी मनातल्या मनात एकच वाक्य जुळवत होते : छबूमावशी, मी धनश्री. वाचायला आलेय.