काउंटरवरचा उजेड

ओडेसा पेटिफर्डचं पत्र येऊन अख्खा हिवाळा सरला, तरी एल्मर हौगन यांनी उत्तर धाडलं नव्हतं. ‘तुमच्या उजेडात मी पाहुण्यांना दिसतच नाही. एकदा येऊन बघा,’ एवढंच तिनं लिहिलं होतं. मिलवॉकीतल्या एका हॉटेलच्या प्रवेशदालनात ती काउंटर सांभाळायची. तिथली प्रकाशयोजना हौगन यांची होती. भिंतींवरून ओघळणाऱ्या त्या मंद, मधाळ उजेडाचं मासिकांत कौतुक झालं होतं.

शेवटी मनाचा हिय्या करून ते गेले. त्यांच्या पुढ्यातल्या पाहुण्यानं काउंटरवरची घंटी बडवली.

“कुणी आहे का?”

“आहे की! तुमच्या नाकासमोर.”

ओडेसाचा काळा चेहरा मागच्या अक्रोडाच्या गडद लाकडी भिंतीत पार विरघळला होता. हौगन यांनी मान वर करून आपल्याच दिव्यांकडे पाहिलं. दिवे बसवले की चेहऱ्यावर उजेड कसा पडतो ते बघायला तिथं कुणालातरी उभं करायची रीत. त्यांनी आपल्या गोऱ्यापान मदतनीस बाईला उभं केलं होतं. तिचा चेहरा उजळला, काम झालं. जन्मभर ते गोरीच माणसं उभी करत आले होते, आणि हे कधी ध्यानातही आलं नव्हतं.

पाहुणा गेल्यावर त्यांनी चाचरत नाव सांगितलं.

“अगंबाई! म्हणजे आहात तर! मला वाटलं, माझं पत्र वाटेतच हरवलं.”

“लाज वाटली हो. काय लिहावं, सुचेना.”

“लाज तुमची, काउंटर माझं. मॅनेजर म्हणतो, तू हसत नाहीस, म्हणून दिसत नाहीस. पुढच्या महिन्यापासून मला मागे चादरी धुण्याच्या कामाला टाकतोय.”

“मी दिवे बदलतो. समोरून उजेड देतो, मागची भिंत उजळतो. तुम्ही फक्त उभ्या राहा.”

“उभी तर रोजच असते! पण चूक कुणाची, ते लिहून द्या. मॅनेजरला कागद दिसतो, मी नाही.”

घरी येऊन त्यांनी लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं. दर खेपेला स्वतःला वाचवणारं एखादं वाक्य हळूच आत शिरायचं. अखेर उरलं ते असं: ‘ओडेसाबाई, दोष तुमचा नाही. मी हे दिवे फक्त गोऱ्या चेहऱ्यावर बेतले. ही चूक माझी. हे पत्र मॅनेजरना दाखवा.’

टपालपेटीपाशी ते थबकले. आता मॅनेजर वाचेल, मग मासिकवालेही ऐकतील. तरीही त्यांनी पाकीट आत सोडलं.