चांद्याचं आवतन

आमच्या सुनेला, शिल्पाला, जुळी झाली, ते दोन हजार अठरा साल. बारशाला हदगावहून सालेहा आली होती. पाळण्याला झोका दिला आणि मग सरळ गोठ्यात आमच्या म्हाताऱ्या बैलाकडे, चांद्याकडे गेली.

सालेहा लहान लेकरांची चित्रांची पुस्तकं करायची. गोष्ट तिची, चित्रंही तिचीच. तिचे वडील महेबूबभाई हदगावच्या बाजारात रंग विकायचे. पोळ्याला गावोगावचे बैल त्यांच्या दुकानापुढे उभे राहत आणि त्यांची शिंगं ही पोरगी रंगवायची. तिथूनच तिचा हात कागदावर आला. लातूरचे बसवराज तिची पुस्तकं छापायचे. माहूरच्या बसमध्ये लेकरं ती मांडीवर उघडून बसलेली मी पाहिली आहेत. मला साठीनंतर अक्षरं आली, तीही त्याच पुस्तकांवरून. पानावर एकच ओळ, बाकी सगळं आभाळ.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही बैलाचे खांदे हळद-तुपाने मळतो आणि त्याला म्हणतो, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.’ सालेहाने ही रीत उचलली होती. जनावर काढायचं असलं की ती त्याच्या कानात म्हणायची, “आज आवतन घ्या, उद्या कागदावर या.” मग घरी जाऊन, न बघता काढायची.

“कानात काय सांगून राहिलीस?” आमचे मालक व्यंकटराव गोठ्याच्या दारातून म्हणाले. “त्याला ऐकू येत न्हाई आता.”

“काका, तुम्हाला तरी कुठं येतंय? तरी मावशी बोलतातच की!”

नव्या पुस्तकात एक म्हातारा बैल संध्याकाळी निघतो. कापसाच्या ढगांवरून, पैनगंगेच्या पाण्यावरून चालतो, घरोघर थोडी थोडी झोप ठेवत जातो. सगळ्या पानांवर तो लांबून दिसायचा. शेवटच्या पानावर घरी पोचतो, तिथे जवळून, समोरून. त्यासाठी तिला चांद्या हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांद्या उठलाच नाही. गव्हाणीशी मान टाकून गेला होता.

पान कोरं राहिलं. सालेहाची किडनी आधीच बिघडलेली, नांदेडच्या दवाखान्यात फेऱ्या चालू. बोटं सुजायची. हे पुस्तक आपलं शेवटचं, हे तिला ठाऊक होतं. बसवराज फोन करायचे, “ताई, दुसरा कुठलाही बैल काढा. पोरांना काय कळतंय?”

“तुमच्या घरात सगळे एकाच तोंडाचे हायत का?” म्हणून ती फोन ठेवायची. मला म्हणायची, “मावशी, आवतन घेतलं अन् आला न्हाई. दारात उभा करते, तर कागदावरून निघून जातो.”

पोळ्याला आमचा गोठा रिकामा. ज्याच्या दारात बैल नाही, तो मातीचा पुजतो. मी विहिरीजवळची काळी माती मळली. चांद्याचं डावं शिंग खाली वळलेलं होतं, तसंच केलं. पूजा झाली आणि तो ओलाच बैल टोपलीत घेऊन हदगाव गाठलं.

सालेहा खाटेवर पडून होती. मी बैल उंबऱ्याशी ठेवला. “तुझा पाहुणा आणलाय. उशीर झाला म्हणून रागावू नको.”

ती भिंत धरत उठली. पोळ्याचा बैल दारात आला की त्याच्या पायांवर पाणी घालायचं, हे तिने वडिलांच्या दुकानापुढे जन्मभर पाहिलं होतं. तांब्या घेतला आणि घातलं पाणी, भरपूर. मी हात जोडून बघत राहिले. माती कच्ची आहे, हे दोघींच्याही लक्षात आलं नाही.

खूर विरघळले. मग गुडघे. चांद्या हळूहळू पोटावर खाली बसला. मान तेवढी वर राहिली.

मला रडू फुटलं. सालेहा मात्र हसायला लागली.

“बसला की हो, मावशी! मी येडी त्याला उभाच करून राहिले होते. इतकं चालून आलेला, उभा कशाला ऱ्हाईल?”

त्याच दुपारी तिने पान पुरं केलं. नदीच्या रंगाचं अंगण, त्यात बसलेला चांद्या, अंगाखाली ओल, डोळे अर्धे मिटलेले. खाली एक ओळ: ‘आला, आणि बसला.’

दिवाळीत पुस्तक आलं. जुळी बोलायला लागल्यावर मी त्यांना ते अडखळत वाचून दाखवू लागले. बैल पैनगंगा ओलांडेपर्यंत दोघंही झोपलेली असायची. शेवटचं पान मी एकटीच वाचायची.

सालेहा दोन हजार एकोणीसच्या फेब्रुवारीत, एका गुरुवारी सकाळी, नांदेडच्या दवाखान्यात वारली.