नानांची खुर्ची

मित्रांनो, भंगाराच्या ढिगाशेजारी ज्या खुर्चीवर बसून तुम्ही गिरक्या घेता, ती मी. मी एक जुनी सलूनमधली खुर्ची आहे. गिरक्या घ्या, पण जरा बेताने. माझा खांब गंजला आहे आणि हल्ली कुरकुर करायचंही जिवावर येतं.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझं रेक्झिन लालचुटूक होतं. सलूनमध्ये आम्ही दोघीच खुर्च्या. एकीमागे मालक उभे राहत, माझ्यामागे नाना. नाना पगारी कारागीर, पण दोघांचं नातं भावाभावांसारखं होतं. लहान पोर आलं की नाना माझ्या दोन्ही हातांवर फळी टाकून त्याला वर बसवत. रडत चढलेलं पोर हसत उतरलं की त्याची आई म्हणे, "नानांचा हात फार हलका." कौतुक नानांचं व्हायचं आणि फुशारून मी जायचे.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की मालकांची लेक माझ्यावर बसून अर्थशास्त्राचा अभ्यास करी. एकदा ती म्हणाली, "बाबा, सूक्ष्म अर्थशास्त्र एक घर, एक दुकान असं सुटं सुटं बघतं. स्थूल अर्थशास्त्र सगळ्या देशाचं एकत्र बघतं. किती जणांना काम आहे, महागाई किती वाढली, असं."

"म्हणजे एकीकडे केस बघायचा आणि दुसरीकडे अख्खं डोकं!" मालक म्हणाले. नाना पोट धरधरून हसले.

मग मंदी आली. खरं तर आधी तिची नुसती बातमी आली. समोरच्या शिंप्याने सावधपणे दोन कारागीर कमी केले. खानावळवाल्याने वाढपी काढला. ज्याने त्याने आपल्या दुकानापुरता बरोबरच विचार केला होता. पण ते कारागीर, तो वाढपी, ही माझीच गिऱ्हाइकं होती! ती आता घरच्यांकडूनच केस कापून घेऊ लागली. तेव्हा मालकांनीही नानांना काढायचं ठरवलं.

"बाबा, नको ना," लेक म्हणाली. "नानाकाका कपडे समोर शिवून घेतात, जेवतात खानावळीत. त्यांचा पगार थांबला की ती दुकानं आणखी खाली जातील."

"मी एकट्याने त्यांना ठेवलं की बाजार सावरेल?"

"नाही. एकट्याने ठेवलं तर आपलं दुकान बुडेल. सगळ्यांनीच काढलं तर गल्ली बुडेल."

"मग करू तरी काय, बाई?"

"हे एका दुकानाच्या हातातलं नाही, बाबा. सगळ्यांनी मिळून करायला हवं, नाहीतर सरकारने."

नानांनी कात्री पिशवीत टाकली, सवयीने माझी गादी झटकली आणि "येतो" म्हणाले. मालकांना वर बघवलं नाही.

त्यानंतर माझ्यावर गिऱ्हाईक बसलं नाही. मालकांचे केस कॉलरवर रुळू लागले. स्वतःचे केस स्वतःला कापता येत नाहीत, ते नेहमी नानाच कापायचे. लेकीने एकदा कात्री हातात घेतली, तर मालक "राहू दे" म्हणाले आणि रडले. पुढे गल्लीतली दुकानं एकेक करून बंद पडली. आमचंही पडलं, आणि मी इथे भंगारात आले.

मित्रांनो, मला पुसून ठेवा असं मी म्हणत नाही. खुर्चीमागे उभ्या असलेल्या माणसाला जपा, आणि सगळे मिळून जपा. एकटा जपायला गेला तर तोच बुडतो. आणि सगळे मिळून कधी पुढे येतील, याची आशा मला आता उरलेली नाही.