चिपवरचा काळा ठिपका

मी द्रव-स्फटिक बोलतोय, घड्याळाच्या काचेत आकडे उमटवणाऱ्यांच्या जातीचा. साल १९८६ होतं की ८७, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. गरम झालो की माझी सगळी मांडणी विस्कटते. अशाच्या आठवणीवर किती विसंबायचं, ते तुम्हीच ठरवा.

बोटभर कुपीत बसून मी पुण्याहून जुन्या जालन्यातल्या एका लहान कारखान्यात आलो. तिथं बियाण्यांचा ओलावा मोजायची यंत्रं बनत. मला आणणारे धर्मराज सर तंत्रनिकेतनात शिकवत आणि रविवारी इकडे येत. ते चिपचं झाकण उघडून आतल्या नखाएवढ्या तुकड्यावर माझा पातळ थर देत, खालून जरा ऊब देत, मग वीज सोडत. जिथं दोष असेल ती जागा जास्त तापते, आणि सूक्ष्मदर्शकातून तेवढाच मी काळा दिसतो, बाकी रंगीत.

त्या वर्षी यंत्रं परत येऊ लागली. चिप जळत होती. मालक आबारावांच्या मते जोडणी करणाऱ्या नंदाबाईंचा हात जड होता, वितळलेल्या कथलानं चिपचे पाय जोडताना, म्हणजे सोल्डर करताना, त्या चिप भाजत. येत्या शनिवारपासून त्यांना कामावरून काढायचं ठरलं.

त्याआधीच्या रविवारी सरांनी त्यांनाच बोलावलं. सहा वर्षं त्या चिप जोडत होत्या, पण आत काय असतं हे त्यांना कुणी दाखवलं नव्हतं. त्यांनी डोळा लावला. जळक्या चिपच्या कोपऱ्यात मी काळा झालो. पण सर म्हणाले, सोल्डरची उष्णता चिपच्या पायांतून आत जाऊनही हा दोष येऊ शकतो.

"मंग मी हातच न लावलेली घ्या ना, सर. डब्यातली."

सरांनी कोरी चिप घेतली. क्षणभर मी रंगीत राहिलो, मग त्याच कोपऱ्यात काळा झालो.

"तिथंच हाय," नंदाबाई हळूच म्हणाल्या. इतक्या आशेनं मला कुणी पाहिलं नव्हतं.

आणि सरांनी सवयीनं मला पुसून टाकलं. मग आबारावांना हाक मारली.

"सर, पुसल्या पाटीवरचं मी काय वाचू?" आबाराव म्हणाले.

सरांनाही शंका आली: खालची ऊबच जास्त झाली नसेल ना? पुढच्या रविवारी नीट करू, म्हणाले. शनिवार आधी आला. नंदाबाई आपल्या गावी, वाटूरला गेल्या.

त्यानंतर मी कपाटात होतो. अंधाराची तक्रार नाही; त्या एका डोळ्याची मात्र फार आठवण येई. आता कुपीच्या तळाशी ओशट डाग उरलाय, तेवढाच मी. वाटूरला कुणी जाणार असाल, तर नंदाबाईंना एवढं सांगा:

२००३ साली, निवृत्तीनंतर, सरांनी त्याच डब्यातल्या तीन कोऱ्या चिप उघडल्या. या वेळी ऊब थर्मामीटर लावून मोजली. तिन्हींवर मी त्याच कोपऱ्यात काळा झालो. त्यांतल्या एकीलाही नंदाबाईंचा हात लागलेला नव्हता.