वायंगणातली मंगळी

मित्रांनो, मी एक म्हातारी म्हैस आहे. माझं नाव मंगळी. धामापूरच्या खालच्या अंगाला आमची वाडी आहे. तिथल्या विमलाकाकीच्या गोठ्यात माझा जन्म झाला. पक्ष्यांची गोष्ट म्हैस कशाला सांगते, असं तुम्हाला वाटेल. कारण साधं आहे. पक्षी बघायला जी माणसं आली होती, त्यांना सांगण्यासारखं फारसं काही दिसलंच नाही.

माझ्या चांगल्या दिवसांत वाडीतला चहा माझ्या दुधाचा असे आणि गणपतीतली खीरही माझ्याच दुधाची. येणारा-जाणारा माझ्या पाठीवर थाप मारून कौतुक करी. मग मी आटले आणि थापाही आटल्या. माणसांचा जीव माझ्यावर नव्हता, माझ्या कासेवर होता, हे मला तेव्हा कळलं.

काकीचा मुलगा शिवा कसालच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. तो माझ्या तोंडावरच म्हणायचा, "आये, ही आता दूद देना नाय. फोंडाघाटाचो एक गिराईक विचारता. देवन टाकूया."

काकी पेंढा झटकत म्हणायची, "वायंगणात तिचा पोट भरता. तुझा काय खाता ती? ऱ्हांव दे."

वायंगण म्हणजे आमच्या ओढ्याकाठची सखल, ओली जमीन. तिथलं भात चैत्राच्या तोंडावर कापून होतं. तोवर भोवतालचा सडा, म्हणजे कातळावरचं माळरान, वाळून पिवळा पडलेला असतो. हिरवं काय ते या चिखलात उरतं. त्या हिरव्यावर माझं पोट चालायचं, आणि पोट चालत होतं म्हणून मी काकीच्या गोठ्यात होते. नाहीतर फोंडाघाटाचा टेम्पो ठरलेला होता.

याच दिवसांत तिथे पिवळे धोबी उतरतात. चिमणीएवढा जीव, शेपटी सारखी वरखाली. हिवाळ्यात मळकट दिसणारे हे पक्षी चैत्रात हळदीसारखे पिवळे होतात. उत्तरेला लांबवर उडून जायच्या आधी त्यांना पोटभर किडे हवे असतात. चरताना माझा पाय चिखलात पडला की किडे उठतात आणि हे माझ्या तोंडापुढून ते टिपतात. आमच्यात मैत्री वगैरे काही नाही. मला ते चिल्लरच वाटतात. पण निदान आपलं काम मुकाट्याने करतात.

गेल्या चैत्रात एका सकाळी रस्त्यावर गाड्या थांबल्या. उतरलेल्या माणसांनी झाडाझुडपांत मिसळून जावं म्हणून हिरवे-तपकिरी कपडे घातले होते, आणि मग ती एकमेकांना मोठमोठ्याने हाका मारत चालली होती. कुणाच्या तरी अत्तराने माझं नाक चुरचुरलं. पक्षी दिसला की आधी त्याच्या नावावरून वाद. वाद मिटेपर्यंत पक्षी तिथे नसायचा.

त्यांच्या पुढे गौरजा होती. मालवणचीच मुलगी, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. ही पक्षी बघण्याची फेरी तिनेच काढली होती. तिच्या मागे पुण्याहून आलेला विराज. त्याचा कॅमेरा माझ्या मानेएवढा लांब. हा मनुष्य पक्ष्याकडे बघतच नव्हता. फोटो काढायचा आणि कॅमेऱ्याच्या पाठीवर बघायचं.

"मॅडम," तो म्हणाला, "ही म्हैस प्रत्येक फोटोत येतेय. हिला हटवता येईल का?"

मी जन्मापासून तिथे होते. तो येऊन चहा थंड व्हावा इतकाही वेळ झाला नव्हता.

गौरजा बांधावर बसलेल्या काकीकडे आली. "काकी, म्हशीक जरा भायर काढशात? आणि एक सांगूचा आसा. पुढच्या हप्त्यात हंयसर कुंपण होतला. ग्रामपंचायतीत बोलणा झाला. गुरां शिरली काय पक्ष्यांका त्रास होता."

काकी उठता उठता थांबली. "मगे मी हिका खंय न्हेव, बाये?"

"काय तरी सोय होतली," गौरजा दुसरीकडे बघत म्हणाली.

शिकलेल्या माणसाला उत्तर माहीत नसलं की तो 'सोय' हा शब्द काढतो.

काकीने माझ्या गळ्यात दावं अडकवलं. मी मुद्दामच सावकाश निघाले. तिने मला बांधापलीकडे शेजाऱ्याच्या ओल्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या छोट्या तुकड्यात, नेलं. मी दोन घास घेतले असतील नसतील, एक धोबी माझ्या पायाशी उतरला. मग आणखी आले. थोड्या वेळाने सगळा थवाच माझ्याभोवती होता.

पलीकडे ती माणसं रिकाम्या चिखलाकडे दुर्बिणी लावून उभी होती. विराज कॅमेरा घेऊन इकडे धावला आणि बांधावरून घसरून गुडघ्यापर्यंत रुतला. तेव्हा मात्र तो झाडाझुडपांत छान मिसळला. बाकीची मंडळी 'आज पक्षी नाहीत' असं ठरवून घावणे खायला निघून गेली.

गौरजा गेली नाही. ती ओल्या बांधावर तशीच बसली आणि बघत राहिली. ऊन चढल्यावर तिने हळूच विचारलं, "काकी, तिका परत आधीच्या जागेर न्हेशात?"

मी परत गेले. धोबीही माझ्यामागून परत आले.

"योगायोग असेल, मॅडम," पायाचा चिखल खरवडत विराज म्हणाला.

"असेल. म्हणून तर बसलेय. इतकी वर्षं इथे येतेय मी, आणि म्हैस सोडून बाकी सगळं बघितलं." मग ती काकीकडे वळली. "कुंपण नको म्हणान मीच जावन सांगतंय. माझा चुकला, काकी."

"चुकला तर चुकला," काकी म्हणाली. "च्या पितलंस? कोरी घेवची लागतली. दूद नाय."

गौरजाने कोरा चहा घेतला. त्या सगळ्या घोळक्यात माझ्या लेखी माणूस म्हणावं अशी ती एकटी निघाली.

कुंपण झालं नाही. गाड्या खाली उतरू नयेत म्हणून रस्त्याकडेला दगड तेवढे लावले. शिवा आता फोंडाघाटाचं नाव काढत नाही. आई सांगत होती तेव्हा त्याला पटलं नव्हतं, कॉलेजच्या मॅडमनी सांगितल्यावर पटलं.

मित्रांनो, कुठल्याही जागेची काळजी घ्यायला निघालात, तर तिथे आधीपासून कोण आहे ते बघा. त्यासाठी बसावं लागतं, आणि बसलं की कपडे मळतात. एवढी तयारी नसेल तर घरीच थांबा. तुमच्या गोठ्यात दूध न देणारं जनावर असेल, तर त्याला हिरवं घाला. कौतुक नको, फोटो नको, हिरवं. धोबी काय, चैत्र सरला की उत्तरेला उडून जातील. मला जायला हे एवढंच वायंगण आहे.