मधला कूड

राहीच्या चुलीपाशी काही नवं दिसलं की दमयंतीच्या पोटात दुखायचं, आणि राहीच्या चुलीपाशी रोज काही ना काही नवं दिसायचंच. ते नवं बाजारातून आणलेलं असतं तर दमयंतीने त्याच्याहून भारी आणून नाक वर केलं असतं. पण ही धाकटी जाऊ बाजाराचं तोंडही न बघता संसार करायची. वाडीतल्या उंडीच्या झाडाखाली पडलेल्या बिया गोळा करून त्यांचं तेल काढायची आणि दिवा लावायची. लोक ज्या फणसाच्या आठळ्या गुरांपुढे टाकत, त्या ती राखेत घोळवून ठेवायची आणि भर पावसात त्यांची भाजी करायची. फुकटातल्या वस्तूच्या वरचढ म्हणून बाजारात जाऊन मागायचं तरी काय, हे दमयंतीला कळत नसे.

भाट्याच्या खाडीलगतचं ते घर एकच होतं. आत दोन भावांच्या दोन चुली आणि बाहेर एक लांब पडवी. थोरला हरिश्चंद्र मुंबईला कापडाच्या पेढीवर होता. त्याची मनिऑर्डर न चुकता यायची. धाकटा गंगाराम गलबतावर. तो कधी येईल, काय आणील, हे वाऱ्यावर अवलंबून. म्हणजे खरं पाहता हेवा राहीने दमयंतीचा करायला हवा होता. तसा तो ती करत नव्हती, याचाही दमयंतीला राग होता.

गणपतीला हरिश्चंद्र घरी आला, भावजयीकडच्या वाटीतली आठळ्यांची भाजी बोटं चाटून खाल्ली आणि म्हणाला, गंगारामच्या बायकोच्या हाताला बरकत आहे. एवढंच म्हणाला बिचारा. पण त्या दिवसापासून दमयंतीने आठळ्या घरात येऊ दिल्या नाहीत.

आणि हे सगळं एक वेळ तिने गिळलं असतं. न गिळण्यासारखं होतं ते पडवीतल्या शाळेचं.

शाळा खाडीपलीकडे, रत्नागिरीत. जायचं तर तरीतून, खाडी ओलांडणाऱ्या होडीतून. पावसाळ्यात ती बंद, आणि एरवीही एवढ्याशा पोरांना एकटं तरीत कोण बसवणार? राहीचं माहेर राजापूरचं, ती तिथल्या शाळेत चौथीपर्यंत गेलेली. तिने आपल्या चिमाला आणि धाकूला घरीच शिकवायला घेतलं. किनाऱ्यावरची बारीक वाळू चाळून, चुलीशी सुकवून, ती एका मोडक्या पाटावर पसरायची आणि तीत बोटाने अक्षर काढायची. पोरं ते गिरवायची. हाताने सारखी केली की वाळू पुन्हा कोरी. चिंचोक्यांवर बेरीज, चिंचोक्यांवरच वजाबाकी. वाण्याच्या पुड्यांचे छापील कागद ती पेजेच्या खळीने भिंतीला चिकटवायची, आणि चिमा भात निवडता निवडता ते मोठ्याने वाचायची. 'कापूर', 'पिंप', 'आगबोट'. कशाचा कशाला पत्ता नाही, पण पोरगी वाचायची खरी.

दमयंतीला एकच मुलगी, विमला. सहा वर्षांची. ती तिकडे जाऊन बसायला लागली. हरिश्चंद्राने मुंबईहून लाकडी चौकटीची नवी कोरी पाटी धाडली होती, पेन्सिलींचा डबा धाडला होता. तो सगळा सरंजाम ट्रंकेत ठेवून ही पोर त्या मोडक्या पाटापुढे मांडी घालून बसायची. दमयंती तिला शिकवणार तरी काय? तिचं माहेर दाभोळचं, घरी मचव्यांचा धंदा, मुलींना पाटीला हात लावू देत नसत. गावातल्या रावजींना तिने शिकवणीला लावून पाहिलं. ते आले, पोहे खाल्ले, खांबाला टेकून घोरले. चार वेळा घोरल्यावर तिनेच त्यांना नको म्हणून सांगितलं.

मग एका सकाळी विमला विहिरीच्या वाटेवर चिऱ्याला ठेचकाळली. गुडघा फुटला, रक्त आलं. दमयंती दोन हातांच्या अंतरावर उभी होती. आणि पोरीने हाक मारली ती "काकी गो" अशी.

दमयंतीने तिला उचललं, गुडघा धुतला, वर हळद दाबली. पण आतून तिची लाहीलाही झाली होती. तेल घे, भाज्या घे, नवऱ्याचं कौतुक घे. पण माझी पोर? ती नाही द्यायची मी.

वैशाखात भाट्यात घरोघर झापं विणायचं काम निघतं. नारळाच्या झावळ्या खाडीच्या पाण्यात भिजत घालायच्या, त्यांची झापं विणायची आणि पावसाची झड आत येऊ नये म्हणून पडवीला बाहेरून त्यांचा कूड, म्हणजे आडोशाची भिंत, बांधायचा. दसऱ्याच्या आगेमागे तो सोडायचा. दमयंतीने त्या वर्षी बाहेरचा कूड तर बांधलाच, शिवाय पडवीच्या मधोमध एक आडवा कूड घातला. इकडची पडवी माझी, तिकडची तुझी. कोणी विचारलं तर म्हणे, दारातून झड आत घुसते. अशी मधोमध घुसणारी झड भाट्यात आजवर कोणी पाहिली नव्हती. राही मात्र आपला मोडका पाट उचलून पलीकडे गेली.

दमयंतीला इतकी घाई होती की मधल्या कुडाच्या झावळ्या तिने भिजवल्याच नव्हत्या. हिरव्या ओल्या झावळ्या तशाच विणल्या. त्या आठवडाभरात सुकल्या, आकसल्या आणि पाती सुटून कुडाला एक फट पडली. पाटावर बसलं की नेमकी डोळ्यांसमोर.

पहिल्यांदा तिने त्या फटीला डोळा लावला तो विमला चोरून तिकडे जाते की काय हे बघायला. विमला नव्हती. ती घरात फुगून बसली होती. मग दुसऱ्या दिवशी लावला तो राही पोरांना मारते का हे बघायला. राही मारत नव्हती. कुठेतरी ही बाई चुकेल, ओरडेल, दोन पोरांना कंटाळेल आणि ते आपल्याला दिसेल, या आशेवर दमयंती रोज तांदळाचं सूप घेऊन कुडाशी बसू लागली. पलीकडे चिमा आणि धाकू कुडाकडे पाठ करून बसलेली, मध्ये जागा सोडून. त्यांच्या समोर पाट, पाटापलीकडे राही. राही अक्षर काढायची आणि त्याचं नाव मोठ्याने, सावकाश, दोन-दोनदा सांगायची. शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकवायला ओरडते मेली, असं दमयंती मनात म्हणायची आणि आणखी पुढे सरकायची.

एके दिवशी विमला तिच्या पाठीशी येऊन उभी राहिली.

"आये, तुला येतंय?"

दमयंतीने खाली पाहिलं. सुपातल्या तांदळात तिच्याच बोटाने एक 'ग' काढला होता. चांगला ठसठशीत. कधी काढला, तिलाही ठाऊक नव्हतं. तिने पोरीच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे असं काही कौतुक फुललं होतं की खरं बोलणं तिच्या अगदी जिवावर आलं.

"मग? काकीलाच येतंय होय?" ती म्हणाली.

झालं. आता मागे फिरायची सोय नव्हती. त्याच दुपारी ट्रंकेतली पाटी बाहेर निघाली. दमयंती सकाळी शिकायची आणि दुपारी शिकवायची. चिंचोक्यांवर आकडे शिकवणं राहीचं, म्हणून तिने काजूगर मांडले. विमलाने बेरीज केली आणि बेरीज खाऊन टाकली. दुसऱ्या दिवशी दमयंती मुकाट्याने चिंचोके वेचून घेऊन आली. पुड्यांचे कागदही ठेवू लागली. अशी ती राहीवर जळत होती आणि राहीसारखीच होत चालली होती.

धाकूला एखादं अक्षर लवकर येत नसे. मग राही तेच पुन्हा पुन्हा काढायची. दमयंतीला ते आधीच आलेलं असायचं, आणि त्या सहा वर्षांच्या पोराच्या पुढे गेल्याचा तिला काय आनंद व्हायचा! श्रावणात राही तापाने पडली, पडवीतली शाळा बंद झाली, तर दमयंती घरात येरझाऱ्या घालू लागली. पडून राहायला हिला आत्ताच सुचलं? शेवटी तिने पेज करून पाठवली. मायेने नव्हे, तिचा 'ळ' राहिला होता.

विमला मात्र आता आईला चिकटून असायची. विहिरीवर बायकांना सांगायची, माझी आय शिकवते मला. हे ऐकलं की दमयंतीला घागरीचं वजन जाणवत नसे. पोर परत मिळाली होती. आणि ती कशी मिळाली हे कोणाला माहीत नव्हतं.

पाऊस सरला. दसऱ्याला पाटीपूजन असतं, त्याआधी पडवी मोकळी करून सारवायची म्हणून गावातले कूड सुटू लागले. दमयंतीनेही कोयता घेतला. बाहेरचा कूड सोडला, मग मधल्याला हात घातला. वरचं सुंभ तोडल्यावर कूड एका बाजूला कलला आणि त्याची पलीकडची बाजू तिला पहिल्यांदा दिसली.

फटीच्या दोन्ही अंगांना पाती मागे मुडपून काथ्याने बांधून टाकली होती. नीट, बारीक गाठी मारून. पावसात झावळी फुगते, फटी मिटतात, हे दमयंतीला लहानपणापासून ठाऊक होतं. ही फट चार महिने मिटली नव्हती आणि तिला त्याचं नवल वाटलं नव्हतं.

एकदम सगळं तिच्या ध्यानात आलं. पाठ करून बसलेली पोरं, त्यांच्यात सोडलेली जागा, तो मोठा सावकाश आवाज. तिचा चेहरा तापला. म्हणजे चोरलेलं वाटत होतं तेही हिने दिलेलंच होतं. भांडून घ्यावं तर काय म्हणून भांडणार, मला का शिकवलंस म्हणून?

राही कुडापलीकडेच उभी होती. तेवढ्यात विमला धावत आली आणि तिने त्या गाठीत बोट घातलं.

"काकी, ह्ये कोनी बांधलान गो?"

दमयंतीच्या हातातला कोयता थांबला. आता ही एक शब्द बोलेल, आणि पोरीच्या डोळ्यांतली आपली किंमत आपल्या देखत उतरेल. राहीच्या जागी आपण असतो तर बोललो असतो, हेही तिला स्वच्छ कळत होतं.

"म्याच," राही म्हणाली. "वारा यायला नको काय जरा? जा, चिमाला घेऊन शेण घेऊन ये, सारवायला लागंल."

विमला पळाली. दोघी जावा उरल्या, मध्ये अर्धा कलंडलेला कूड. दमयंतीला वाटलं, हिने आता हसावं, टोमणा मारावा, निदान उपकार केल्यासारखं तोंड तरी करावं. म्हणजे मग हिच्यावर मनसोक्त रागवता येईल. राहीने यातलं काहीच केलं नाही. एवढा मोठेपणा तिच्याकडे होता आणि आपल्याकडे नव्हता, याचा दमयंतीला जेवढा हेवा वाटला, तेवढा आजवर कशाचाच वाटला नव्हता.

राही हळूच म्हणाली, "जाऊबाय, जोडाक्षरं ऱ्हायलीत अजून."

दमयंतीने वाटेकडे पाहिलं. पोरी अजून गोठ्याशीच होत्या. पलीकडे जाऊन पोरांच्या रांगेत बसायचं, तर विमला बघणार. न बसावं, तर उद्या विमला जोडाक्षरं विचारणार आणि उत्तर मिळालं नाही की पुन्हा काकीकडे जाणार. तिने कोयता खाली ठेवला.

"कूड ऱ्हाऊ दे," मग ती म्हणाली. "ऊन लागतंय हल्ली."

आश्विनातलं सकाळचं ऊन पडवीच्या पायरीपर्यंतसुद्धा आलं नव्हतं. राहीने कलंडलेला कूड पलीकडून उचलून सरळ केला. दमयंती नवं सुंभ घेऊन तो खांबाला पुन्हा बांधू लागली.

"नीट धर," ती राहीवर खेकसली.