हळदीची कासवं

"आजही एक नाही, काका," असं म्हणत देवश्री डोंग्यातल्या पालथ्या बादलीवर बसली.

प्राणहिता नदीच्या या डोहातली कासवं धरून तिने पाठीवर पिवळा ठिपका दिला होता आणि पुन्हा इथेच सोडली होती. ढीवरांच्या, इथल्या मासेमारांच्या, जाळ्यात चुकून येणाऱ्या कासवांत ठिपक्याची किती निघतात, त्यावरून डोहात एकंदर किती, याचा अंदाज बांधायचा. समुद्रातल्या बेटांवर ती हेच काम करून आली होती. इथे मात्र जाळ्यात येत ती सगळी कोरी.

याचा अर्थ एकच, तिने डोंगा वल्हवणाऱ्या माणिकरावकाकांना चाचरत सांगितलं. ठिपक्याची जाळ्यात गुदमरून मेली, नाहीतर कोणी खाल्ली. तसं वर कळवलं की डोहातली मासेमारी बंद होणार.

माणिकराव वल्ह्याने पाणी ढवळत राहिले. त्यांचा सारा जन्म याच डोहावर मासे धरण्यात गेला होता. या पोरीला ते आपल्या फडक्यातली अर्धी भाकर द्यायचे आणि विडीवरून तिची बोलणी खायचे.

"मेली नाईत," ते म्हणाले. "मीच नेऊन सोडली. खडकाच्या पल्याड, वरच्या डोहात."

"काऊन?" तिच्या तोंडून त्यांचाच शब्द निघाला.

"पिवळा रंग लावला ना तुमी. हळद लागलेलं कासव गंगेचं, या नदीमायचं असते, बाई. ते दुसऱ्यांदा जाळ्यात येऊ द्यायचं नसते."

दर हंगामातल्या पहिल्या कासवाला माणिकरावांची बायको रेणुकाबाई हळद लावायच्या आणि पदरात घेऊन खडकापलीकडे सोडून यायच्या. त्या गेल्या आणि घरात हळद लावणारं कोणी उरलं नाही. ही पोर रंगाचा डबा घेऊन आली, तेव्हा माणिकरावांना वाटलं होतं, चला, रेणुकाबाईचं काम कोणीतरी हाती घेतलं.

दोघं वरच्या डोहावर गेली. उन्हात खडकावर पिवळे ठिपके ओळीने शेकत पडले होते. देवश्री आधी हसली, मग तिने डोळे पुसले. आता सगळं पहिल्यापासून करावं लागेल, म्हणाली. यापुढे ठिपक्याचं सापडलं तर मला दाखवायचं आणि इथंच सोडायचं. तुम्हांला जड जाईल, म्हणून हिरवा रंग आणते.

"नाई," माणिकराव म्हणाले. "पिवळाच राहू द्या."

नव्याने ठिपके दिल्यावर काही दिवसांतच एक जाळ्यात आलं. माणिकरावांनी ते देवश्रीला दाखवलं, दोन्ही हातांनी धरून डोंग्याशेजारीच पाण्यात सोडलं. कासव दिसेनासं होईपर्यंत पाहत राहिले. मग ओलं जाळं गोळा करून घडी घालू लागले. सकाळ अजून कोवळी होती, टोपली रिकामी होती.

"टाका ना पुन्हा," देवश्री म्हणाली.

"आज नाई. ते इथंच फिरून राह्यलं."

त्यांनी घडी केलेलं जाळं टोपलीत ठेवलं आणि वल्हं हळूच, आवाज न करता पाण्यात घातलं.